मधलं घर

“मधल्या घराला कुलूप आहे, अफ्रा. मूर्ती काय कुलपाच्या हातात देऊ?”

ओटिलीनं ओले बूट शेगडीच्या तोंडाशी सरकवले. गावच्या चर्चमधली फुलं, मेणबत्त्या, वेदीवरची कापडं सगळं तिच्याकडे असे. नाताळच्या आधीचे चार आठवडे, म्हणजे आगमनकाळ, सुरू झाला की मरियामातेची मूर्ती कुठल्या संध्याकाळी कुणाच्या घरी मुक्कामाला जाईल, तेही तीच ठरवी. अफ्रा तिच्याकडे पाठ करून बटाटे सोलत होती. सालं जाड निघत होती, आणि अफ्राच्या हातून जाड सालं निघणं ही साधी गोष्ट नव्हती.

“मग माझंही घर वगळ.”

“वगळते. आणि गावानं विचारलं की काय सांगू?”

“सांग, अफ्राचं वय झालं. होत नाही तिच्यानं.”

“तुझ्यानं होत नाही? मूर्ती यायच्या आधी तू आढ्याची कोळिष्टकं काढतेस. गेल्या वर्षी मी या खुर्चीत बसले तर माझा घागरा ओला झाला, इतकी ताजी घासली होतीस.”

अफ्रानं पुढचा बटाटा घेतला.

“हे बघ,” ओटिली म्हणाली, “बुर्गा वरून निघेल, तुझ्या दारात येईल, मूर्ती देईल आणि जाईल. तुझी जाऊ आहे ती, वाघीण नाही. तेवढ्यानं कुणी मरत नाही.”

“क्विरिन भावजी मेलेच की.”

“ते या उन्हाळ्यात उतारावर गवत कापताना गेले, भर उन्हात. त्याचं खापरही बुर्गाच्याच डोक्यावर फोडतेस?”

“फोडलं असतं,” अफ्रा म्हणाली, “जागा शिल्लक असती तर.”

ओटिलीला हसू आलं, पण तिनं ते बूट घालता घालता खाली वाकून लपवलं. “बरं. तुझं घर वगळते. वरच्या घरातून मूर्ती सरळ खाली लाकूडगिरणीवाल्यांकडे जाईल. त्यांची नवी सून पहिल्यांदाच घेतेय, तिला तर दोन रात्री मिळाल्या तरी हव्याच आहेत.”

ती दाराशी पोचली. कडी काढली. बाहेरचा गारठा फरशीवरून आत सरपटत आला.

“वगळू नकोस,” अफ्रा म्हणाली.

“म्हणजे बुर्गा...”

“येऊ दे. पण ती माझ्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणार नाही.”

“ते तू आणि मरियामाता बघून घ्या,” ओटिली म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

उतारावर एकाखाली एक अशी तीन घरं होती आणि तिन्ही एकाच बापाच्या मुलांची. वरच्या घरात थोरला बार्थल आणि त्याची बायको नोटबुर्गा, जिला सगळं गाव बुर्गा म्हणे. खालच्या घरात धाकटा रूपर्ट आणि अफ्रा. रूपर्टला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. मधल्या, मूळच्या घरात बिनलग्नाचा क्विरिन, आई होती तोवर आईबरोबर आणि नंतर एकटा. दोघी जावांमधून विस्तव जात नसे, पण क्विरिन जात असे. वरून खाली लोणी, खालून वर अंडी, आणि दोन्हीकडून बातम्या. अफ्राला वरच्या घरातलं सगळं ठाऊक असायचं, बार्थलचं ऐकू येणं कमी होत गेलं तेसुद्धा, आणि इतक्या वर्षांत तिनं बुर्गाला एक प्रश्न विचारला नव्हता.

मूर्तीही तशीच यायची. वरच्या घरात एक रात्र, मधल्या घरात एक रात्र, मग क्विरिन ती लोकरीच्या शालीत गुंडाळून, तान्ह्या वासराला आणावी तशी छातीशी धरून खाली आणायचा. बरोबर सुक्या नासपतीचा एक पाव असायचा. आगमनकाळात अफ्रा गोड खात नसे. त्या रात्रीपुरता तो नियम ती मोडायची आणि मूर्तीसमोर बसून त्या पावाचा पहिला काप खायची. पाव थेट सासूबाईंच्या हातचा लागायचा. क्विरिननं आईकडून तेवढी एक गोष्ट नीट शिकून घेतली असणार, असं तिला वाटे.

पूर्वी मूर्तीची वाट वेगळी होती. मधल्या घरातून ती आधी वर जायची आणि वरून थेट खाली यायची. त्या काळात अफ्रा खोऱ्यातल्या मोठ्या गावी अंडी उबवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तिचं काम अंधाऱ्या खोलीत चालायचं. पेटीत दिवा, पेटीला भोक, त्या भोकावर अंडं धरायचं. आठवडाभर उबवलेल्या चांगल्या अंड्यात बारीक लाल शिरांचं जाळं दिसतं, मधे एक काळा ठिपका, आणि नीट बघितलं तर तो ठिपका हलतो. ज्याच्यात जीव आला आणि मग गेला, त्याच्यात जाळं नसतं. शिरांतलं रक्त कडेला सरकून एक कडं बनलेलं असतं, अंगठीसारखं. ते अंडं उजवीकडच्या टोपलीत. अफ्राचा हात चुकत नसे. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ती पहिल्यांदा गरोदर राहिली तेव्हा बरोबरच्या बायका म्हणाल्या, “आता घरी बस, सारखं मेलेलं बघू नये.” ती हसली होती. दिव्यासमोर बघण्यानं काही होत नाही, हे तिला ठाऊक होतं. दिवा फक्त दाखवतो.

आठवा महिना संपत आला असताना पोटातली हालचाल थांबली. नोव्हेंबर होता. हॉस्पिटलात त्यांनी मूल नेलं, मुलगी आहे, पण बघू नका म्हणाले, आणि ते कुठं नेलं हे कुणी सांगितलं नाही. तेव्हा तशीच रीत होती. जन्माला येऊन रडलं नाही ते मूल बाप्तिस्म्याचं नाही, आणि बाप्तिस्म्याचं नाही ते कबरीचं नाही. रूपर्टनं पाळणा माळ्यावर टाकला. अफ्राकडे विणलेली एक टोपी तेवढी राहिली.

महिन्यानं बुर्गा मूर्ती घेऊन आली. ही मूर्ती पोटुशी मरियेची आहे. लिंडनच्या लाकडाची, हातभर उंच, निळ्या झग्याच्या आत पोट पुढं आलेलं, आणि पोटावरचा रंग गावातल्या बायकांनी हात फिरवून फिरवून घालवलेला. बुर्गालाही तेव्हा चौथ्या वेळचे दिवस होते. दोन्ही पोटं उंबऱ्यात उभी होती. अफ्रानं मूर्ती घ्यायला हात पुढं केले आणि ती रडायला लागली. तेव्हा बुर्गा म्हणाली, “जाऊ दे गं. देव मूल देतो ते सांभाळणाऱ्याच्याच हातात देतो.”

एवढंच. मग ती म्हणाली की वर दूध उतू जात असेल, आणि गेली.

दुसऱ्या वर्षी आगमनकाळाच्या आधी अफ्रा मधल्या घरी गेली आणि दिराला म्हणाली, “भावजी, मूर्ती तुम्ही आणाल का?” क्विरिननं का म्हणून विचारलं नाही. तो म्हणाला, “आणतो.”

तेव्हापासून त्या एका रात्री अफ्रा माळ्यावरच्या पेटीतून टोपी काढायची, मूर्तीच्या पायाशी ठेवायची आणि मुलीचं नाव एकदा घ्यायची. वर्षातून एकदाच, हळू. ज्याला कबर नाही त्याला मृतांच्या सणाला मेणबत्ती लावायची कुठं? तिच्याकडे ही एक रात्र होती. ओटिलीला वाटत होतं, अफ्रा हट्टानं घर वगळ म्हणतेय आणि हट्टानंच वगळू नकोस म्हणतेय.

मूर्ती यायच्या आदल्या पहाटे ती चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या मिस्सेला, सामुदायिक प्रार्थनेला, गेली. आगमनकाळात ही मिस्सा सूर्य उगवायच्या आत होते, चर्चमधला एकही दिवा न लावता. प्रत्येकानं आपापली मेणबत्ती आणायची. मिस्सेनंतर ती पापनिवेदनाला गेली. मूर्तीच्या रात्रीआधी ती नेहमीच जाई. जाळीपलीकडे तरुण फादर होते, त्यांना सर्दी झाली होती.

“कुणाबद्दल मनात राग आहे का?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“माफ केलंत का?”

“केलं,” अफ्रा म्हणाली, कारण मागं रांग होती आणि तिचे गुडघे दुखत होते.

बाहेर येऊन पायऱ्या उतरताना तिच्या लक्षात आलं की पापनिवेदनात खोटं बोलणं हे वेगळं पाप झालं, आणि ते सांगायला आता पुन्हा आत जावं लागेल. ती वळणार इतक्यात मागून तो आवाज आला. बुर्गाचा आवाज पूर्वीपासून उतारावरून गुरं हाकायचा होता.

“धाकटे! उद्या येतेय हं मी!”

पायऱ्यांवरच्या सगळ्या बायका थांबल्या. अफ्रानं पिशवीत हातमोजे शोधायला सुरुवात केली. हातमोजे तिच्या हातातच होते.

“ऐकलं का गं?”

“तुझा आवाज सीमेपलीकडे ऐकू गेला असेल,” अफ्रा पिशवीत बघत म्हणाली. “सीमेवरचे शिपाई उठून बसले असतील.”

“मग बरं झालं. बार्थलला सवय आहे, मी त्याच्या कानात असंच बोलते.” बुर्गा काठी टेकत तिच्या बाजूनं खाली उतरून गेली. तिचा एक पाय आता चांगलाच ओढत होता. अफ्रानं ते बघितलं आणि तिला वाईट वाटलं नाही. हेही फादरांना सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून चिखलबर्फ पडत होता. धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. अफ्रानं टेबल पुसलं, चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं मधे ठेवलं आणि तिसरा आठवडा म्हणून त्यातल्या तीन पेटवल्या. नाताळला फुलावी म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला, बार्बराच्या सणाला, कापून पाण्यात ठेवलेली चेरीची फांदी खिडकीत होती. कळ्या फुगल्या होत्या पण उघडल्या नव्हत्या. यंदा थंडी उशिरा आली. चेरीच्या कळीला आधी पुरेशी थंडी मिळावी लागते, नाहीतर ती उबेतही उघडत नाही. अफ्रानं टोपी आणून टेबलाच्या खणात ठेवली. मग दाराला आतून कडी लावून ती दाराजवळ उभी राहिली.

कंदील आधी दिसले, मग पावलं ऐकू आली. सात-आठ जण असावेत. दारावर काठीनं टकटक झाली.

या खोऱ्यात मूर्ती घराशी आली की दारातून जुने सवाल-जवाब होतात. बाहेरच्यानं आसरा मागायचा, आतल्यानं दोनदा नाही म्हणायचं. तिसऱ्यांदा काही बोलायचं नाही, दार उघडायचं.

“बाई दमलीय, दिवस भरलेत,” बाहेरून बुर्गाचा आवाज आला. “एका रात्रीपुरतं घरात घ्या.”

“घर भरलंय,” अफ्रा म्हणाली. “पुढं चालू लागा.”

बाहेर कुणीतरी खुसखुसलं. लाकूडगिरणीवाला असणार. “यंदा अफ्रा काय मन लावून म्हणतेय!”

“बाहेर गारठा आहे. गोठ्यात जागा दिलीत तरी चालेल.”

“गोठ्यात जनावरं आहेत. ती बरी.”

हे जवाबात नव्हतं. बाहेरचं हसू थांबलं. कंदिलाची काच कुठंतरी वाजली.

“दार उघडा,” बुर्गा म्हणाली. तिसऱ्या सवालाशी तिचा आवाज थोडा कमी झाला होता. “दारात कोण उभं आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.”

अफ्राचा हात कडीवर होता. दारात कोण उभं आहे ते तिला चांगलं ठाऊक होतं. कडी गार होती. तिनं ती काढली नाही.

“अफ्रा,” ओटिली बाहेरून म्हणाली, “तिसरी वेळ झाली.”

“मला मोजता येतं.”

“मग उघड की.”

“मूर्ती बाकावर ठेवा आणि जा. मी घेते आत.”

“बाकावर?” हा बुर्गाचा आवाज. “या चिखलात? पोटुशी बाईला? मी नाही ठेवायची. एका हातातून दुसऱ्या हातात जाते ती. नाहीतर मी आहे इथंच उभी.”

“राहा उभी.”

बाहेर कुजबुज झाली. लाकूडगिरणीवाला म्हणाला की घरी सूप निवतंय. त्याची सून म्हणाली की आम्ही नेतो की मग मूर्ती, आमची तयारी आहे. “तू गप्प बस,” ओटिली तिला म्हणाली, “उद्या तुझी पाळी.” मग तिचा आवाज दाराच्या फटीशी आला. “अफ्रा, आम्ही निघालो. मूर्तीच्या नाकाचा रंग गेला तर रंगवून घ्यायचं तुझ्याकडे लागलं.”

कंदील गेले. एक राहिला.

अफ्रा टेबलाशी बसली. उठली. खणातली टोपी बघितली, खण बंद केला. बाहेर काठी बाकाला टेकवल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. खोकलासुद्धा नाही. वेळ गेला. तिसरी मेणबत्ती, ती गुलाबी, बाकीच्यांपेक्षा भरभर जळत होती. शेवटी अफ्रा खिडकीशी गेली, फांदी बाजूला ठेवली आणि खिडकी उघडली.

बुर्गा खिडकीपासून दोन पावलांवर होती. डोक्यावरचा रुमाल भिजून कपाळाला चिकटला होता. मूर्ती तिनं कोटाच्या आत घेतली होती, त्यामुळं या वयात तिचंच पोट पुढं आल्यासारखं दिसत होतं.

“इकडं दे.”

“खिडकीतून?”

“दार माणसांसाठी आहे.”

“म्हणजे मरियामाता माणूस नाही?”

“तिच्याबद्दल नाही बोलत मी.”

बुर्गानं ओठ मुडपले, पण ती पुढं आली. खिडकीच्या कठड्यावर काठी टेकवून तिनं मूर्ती कोटातून बाहेर काढली. ती आडवी धरून आत सरकवायला लागली तर पोट चौकटीत अडकलं.

“पाय आधी दे,” अफ्रा म्हणाली.

“डोकं आधी घे.”

“पाय आधी, मुकुट वाकेल!”

“अगं, डोकंच आधी घ्यायचं असतं,” बुर्गा म्हणाली. “माझी पाच झाली, पाची डोक्याकडूनच आली.”

अफ्राचे हात थांबले. मग तिनं मूर्ती डोक्याकडूनच धरली, तिरकी करून आत ओढली, छातीशी घेतली. लाकूड बाहेरच्या बाजूनं गार होतं आणि जिथं बुर्गाच्या अंगाला लागलं होतं तिथं गरम.

“तू अजून तशीच आहेस,” ती म्हणाली.

“कशी?”

“तोंडात येईल ते ओकणारी.”

“आता काय बोलले मी?” बुर्गा कठड्यावर हात टेकून वाकली. “एवढी वर्षं झाली, सासूबाईंचं शिवणयंत्र अजून तुझ्या डोक्यातून जात नाही ना?”

“कुठलं शिवणयंत्र?”

“मी वर नेलं ते. त्याच्यावरनंच तर बोलणं टाकलंस तू.”

अफ्रा तिच्याकडे बघत राहिली. ते यंत्र तिला अंधुकसं आठवलं. त्याची सुई नेहमी तुटायची.

“मला वाटलं होतं,” बुर्गा म्हणाली, “तुझा राग कधीच उतरला असेल. निरोप तर दरवर्षी पाठवायचीस.”

“कसला निरोप?”

“पावाचा. अफ्रा म्हणाली पाव झकास झालाय. अफ्रा म्हणाली यंदा नासपती जरा जास्त आहे. अफ्रा म्हणाली वहिनीच्या गुडघ्याला लार्चच्या झाडाचा डिंक लावा. लावला मी तो! महिनाभर पाय चादरीला चिकटत होता.”

“मी असं काही म्हटलं नाही.”

“क्विरिन सांगायचा.”

“मी तुझ्या पावाचा तुकडा तोंडात घातला असता तर तो घशाखाली उतरला नसता.”

“खाल्लास की तू,” बुर्गा म्हणाली. “दरवर्षी खाल्लास. मग तुझ्या घरी काय क्विरिननं भाजला होता? ज्याला अंडं उकडता यायचं नाही त्यानं?” तिनं कोटाच्या खिशातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि कठड्यावर ठेवलं. फडकं ओलं झालं होतं. “हा यंदाचा.”

अफ्राला बसावंसं वाटलं, पण हातात मूर्ती होती. क्विरिन या स्वयंपाकघरात उभा राहून काय म्हणायचा ते तिला आठवलं. वहिनीनं विचारलंय, तुझी कोंबडी बसली का अंड्यावर. वहिनी म्हणत होती, अफ्राचे पडदे छान दिसतात. ती प्रत्येक वेळी म्हणायची, तिला काय करायचंय, आणि तो वर जाऊन काय सांगायचा ते आता कळत होतं. उतारावरच्या त्या गप्प माणसानं दोन घरांत एक अख्खं बोलणं चालू ठेवलं होतं, जे दोघींपैकी कुणी बोललंच नव्हतं.

“शिवणयंत्र!” ती म्हणाली. “मी शिवणयंत्रासाठी बोलणं टाकलं! तू काय म्हणालीस ते विसरलीस?”

“कधी?”

“याच घरात. त्या दारात. तुझ्या पोटात चौथं होतं आणि माझं गेलं होतं. तू म्हणालीस, देव मूल देतो ते सांभाळणाऱ्याच्याच हातात देतो.”

बुर्गाचं तोंड जरासं उघडं राहिलं. चिखलबर्फ कंदिलाच्या उजेडातून तिरका पडत होता. ती आठवायचा प्रयत्न करत होती, हे अफ्राला स्पष्ट दिसलं. ती खरंच शोधत होती, आणि तिला सापडत नव्हतं.

“मी असं म्हटलं?”

“हो.”

“नाही आठवत.”

त्या वाक्यासाठी अफ्रानं आपल्यात केवढी जागा ठेवली होती. ते मऊ पडू दिलं नव्हतं, गंजू दिलं नव्हतं. आणि ज्या घरातून ते आलं तिथं ते कधीच फेकून दिलेलं होतं, उष्ट्यासारखं.

“आठवत नाही,” अफ्रा म्हणाली. “छान.”

“म्हटलं असेन,” बुर्गा म्हणाली. “तेव्हा मी काय काय बोलायचे. तीन अंगावर, एक पोटात, सासू आजारी. तोंडावर ताबा नव्हता.” ती थांबली. “आता पाचांतलं एकही इथं नाही. नाताळला फोन करतात. बार्थलला ऐकू येत नाही, मग तो फोन माझ्याकडे देतो आणि तोवर त्यांचं बोलून झालेलं असतं.”

“मी काय करू मग? रडू?”

“मी कुठं म्हटलं रड म्हणून?” बुर्गानं रुमालाचं टोक पिळलं. मग ती म्हणाली, “मुलगी होती ना?”

अफ्रानं मूर्ती जरा वर सरकवून घट्ट धरली.

“क्विरिन म्हणाला होता एकदा. नाव ठेवलं होतंस?”

हे कुणी कधी विचारलं नव्हतं. रूपर्टनं नाही, सासूबाईंनी नाही, फादरांनी नाही. आणि विचारलं ते हिनं, खिडकीबाहेरून, नाक पुसत.

“रोझिना,” अफ्रा म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला ते परत घ्यावंसं वाटलं.

“रोझिना,” बुर्गा म्हणाली. तिच्या त्या आवाजात. उतारावर, उघड्यावर, गुरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. अफ्राच्या अंगाचा भडका उडाला. ते नाव या खोलीबाहेर कधी गेलं नव्हतं.

“झालं ना? जा आता.”

“प्रार्थना राहिली. आणणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं मिळून म्हणायची असते. त्याशिवाय मुक्काम धरत नाही.”

“तिथूनच म्हण.”

“इथूनच म्हणतेय. तू काय आत बोलावणार आहेस?”

बुर्गानं क्रूस केला. अफ्राचे हात मूर्तीत अडकले होते, तिनं मान हलवली. एकीनं बाहेरून सुरुवात करायची आणि दुसरीनं आतून पुरं करायचं, अशा तीन नमो मरिया झाल्या. अफ्रा इतकी भराभर म्हणत होती की बुर्गाला दर वेळी मधे धाप लागली. तिसरी संपल्यावर घरातल्या मृतांची नावं घ्यायची असतात.

“रूपर्टसाठी,” बुर्गा म्हणाली. “क्विरिनसाठी. सासूबाईंसाठी.” आणि मग, “आपल्या रोझिनासाठी.”

“माझ्या.”

“काय?”

“माझ्या रोझिनासाठी. आपल्या नाही.”

“बरं बाई. तुझ्या.” तिनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. “अफ्राच्या रोझिनासाठी. आमेन.”

“आमेन,” अफ्रा म्हणाली, कारण ते म्हणावंच लागतं. “पाव घेऊन जा.”

“बार्थलला साखर आहे, त्याला नासपती चालत नाही. कोंबड्यांना घाल हवं तर.” बुर्गानं काठी उचलली, कंदील घेतला. चार पावलं गेल्यावर ती थांबली. अफ्राला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण ती फक्त चिखलात रुतलेला पाय सोडवत होती.

अफ्रानं खिडकी लावली. मूर्ती टेबलावर मधोमध ठेवली, ओल्या झग्यावरून कोरडं फडकं फिरवलं. नाकाचा रंग जाग्यावर होता. खणातून टोपी काढून तिनं ती मूर्तीच्या पायाशी ठेवली आणि नेहमीसारखं नाव घ्यायला तोंड उघडलं. पण नाव आधीच घेतलं गेलं होतं. बाहेर, मोठ्यानं, तीनदा. हळू आवाजात ते आता कमी वाटलं असतं. तिनं तोंड मिटलं.

खिडकीतून कंदील वर जाताना दिसत होता. दर दोन-चार पावलांनी तो थांबे. मधल्या घरापाशी तो बराच वेळ थांबला, मग पुन्हा हलला. दम खायलाच थांबली असणार, अफ्रानं ठरवून टाकलं.

तिनं फडकं सोडलं. पाव एका कडेनं भिजला होता. ती बाजू तिनं कापून टाकली आणि सुरी पुसून एक काप कापला, पातळ, जवळजवळ आरपार दिसेल इतका. तो तिनं उभ्यानंच तोंडात घातला. पाव दरवर्षीसारखाच झाला होता. निदान यंदा तरी तो कडू लागायला हवा होता.

अफ्रानं खुर्ची ओढली, मूर्तीसमोर बसली आणि दुसरा काप कापला.